ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ड्रॉइंगातच टाका

तुम्ही कुडाळ-मालवणात बसून हापूसच्या पेटीवरची लेबलं, लग्नपत्रिका, होम-स्टेची मेन्यूकार्डं आणि चाकरमान्यांच्या स्वागताचे बॅनर करत असाल, आणि सॉफ्टवेअरला दरमहा पैसे मोजत असाल, तर आधी अभिनंदन. पंचक्रोशीत तुम्ही एकटेच असाल. बाकीच्यांना क्रॅक, म्हणजे चोरलेली फुकट प्रत, मिळते. आता हा खर्च हिशेबात कसा दाखवायचा, याबद्दल अनुभवाचे चार बोल. अनुभव गेल्याच आठवड्यातला आहे, अजून निवलेला नाही.

पैसे धंद्याच्या खात्यातून अजिबात भरू नका. मुंबईतल्या मेव्हण्याचं कार्ड कशासाठी असतं? ओटीपी त्याला येईल, तो तेव्हा लोकलमध्ये लटकत असेल, तुमचं सॉफ्टवेअर दोन दिवस बंद पडेल. पण नातं घट्ट राहतं.

बिल मेलवर येतं. तिथंच राहू द्या.

जीएसटीची नोंदणी असली तरी नंबर टाकायची चौकट रिकामी सोडा. १८ टक्के भरायचे आणि क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मागायचं नाही, यालाच देशसेवा म्हणतात.

१९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या ४४ एडी कलमाखाली उलाढालीच्या ठरावीक टक्के ठोक नफा दाखवून रिटर्न भरत असाल, तर वेगळा खर्च मागताच येत नाही. तरी बिलांचा गठ्ठा घेऊन भांडायला जा.

आणि खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा, ते टॅक्सवाल्यांवर सोडा. मी सोडलं. तीन वर्षांत तीन घरं फिरलं माझं सॉफ्टवेअर. पहिल्या वर्षी ते ‘छपाई व स्टेशनरी’त होतं, कागदाची रिमं आणि शाई यांच्या मधोमध. चालेल, निदान खर्चात तरी होतं. दुसऱ्या वर्षी ते मालमत्तेत जाऊन संगणकाशेजारी बसलं, कारण सॉफ्टवेअरला ४० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षीची वजावट, मिळतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मिळतो ना! कायमचं लायसन्स विकत घेतलं तर. मी वापरतो ते भाड्याचं. महिना चुकला की पडद्यावर पाटी लागते. भाड्याच्या खोलीवर कुणी घसारा काढतं का? त्या वर्षाची मुदत कधीच संपली, पण ताळेबंदात ते अजून जिवंत आहे. आधी ६० टक्के उरलं, मग ३६. माझ्या तेराव्याला जेवून जाईल बहुतेक.

आणि यंदा? बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, इन्व्हर्टरच्या दिव्याखाली भरून झालेल्या रिटर्नचे कागद चाळत होतो. खर्चाची यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. सॉफ्टवेअर नाहीच. वर्षाचे ४२ हजार. फोन लावला. पलीकडून हिशेब लिहिणारा पोरगा म्हणाला, “ता कोरल ड्रॉ मां? ड्रॉइंगचा सॉफ्टवेअर, म्हणान ड्रॉइंगातच टाकलंय.”

ड्रॉइंग्ज! मालकानं घरासाठी गल्ल्यातून उचललेले पैसे ज्या खात्यात लिहितात, ते खातं. गणपतीचा किराणा, मुलीची फी, आणि त्यांच्या खाली माझं कोरल ड्रॉ. म्हणजे मी ४२ हजारांचे बांगडे खाल्ले! वर तेवढी रक्कम नफ्यात दिसणार आणि तिच्यावर कर मीच भरणार. टॅक्सवाल्या साहेबांना म्हटलं, हे काय? तर म्हणतात, “इतक्यान काय होता? फुडच्या वर्साक बघूया.”

काय बघूया? १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३७ मध्ये सरळ लिहिलंय की पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला चालू खर्च वजा होतो. दरमहा भरलेलं सॉफ्टवेअरचं भाडं त्यात नाही बसत, तर काय बसतं? ट्रॉलरवाल्याच्या डिझेलला कुणी हौस म्हणत नाही, कारण धूर दिसतो. सुताराची करवत हातात धरता येते. माझं हत्यार दिसत नाही, म्हणून ते घरखर्च? आणि गिऱ्हाईक वरून म्हणणार, नाव तर बदलायचंय फक्त, त्याचे कसले पैसे!

पण तुम्हीही काही कमी नाही. मीही नव्हतो. वर्षभर बिलं मेलमध्ये कुजवायची, रिटर्नच्या आदल्या दिवशी बँकेचं स्टेटमेंट व्हॉट्सॲपवर ढकलायचं, आणि त्या पोरानं ‘ड्रॉ’ वाचून ड्रॉइंग केलं की बोंब मारायची. त्याला काय स्वप्न पडणार होतं? धंद्याचं खातं वेगळं काढा आणि त्यातूनच पैसे भरा. दर महिन्याला बिल उतरवून एका फोल्डरात टाका. त्याच्यावर मेव्हण्याचं नाही, स्वतःच्या धंद्याचं नाव आहे का बघा. ‘सॉफ्टवेअर वर्गणी’ म्हणून वेगळं हेड उघडायला लावा, आणि रिटर्न जायच्या आधी यादी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दहा मिनिटं लागतात. बॅनरवर बारक्या पुढाऱ्याचा फोटो अर्ध्या सेंटीमीटरनं हलवायला तासभर घालवताच ना!

सुधारित रिटर्नची फी वेगळी पडेल, असा त्यांचा निरोप काल आलाय.