रंग उडाला तो असा

फुलपाखराचा फोटो काढणं किती सोपं असतं, हे पतंगाच्या मागे लागल्याशिवाय कळत नाही. जगात फुलपाखरांच्या जाती अठरा हजारांच्या आसपास आणि पतंगांच्या दीड लाखाहून जास्त. तरी कौतुक सगळं फुलपाखरांच्या वाट्याला. हा अन्याय दूर करायची जबाबदारी माझ्यावर कोणी टाकली नव्हती. मीच ती उचलली, अगदी जवळून फोटो काढायच्या मॅक्रो लेन्ससकट. दोन्हींपैकी लेन्स जड.

रानातल्या झुडपातून काहीतरी भडक नारिंगी भुर्रकन उडालं, चार हातांवर बसलं आणि नाहीसं झालं. बसलं तिथे फक्त एक वाळकं पान. त्या पानाला पाय आहेत, हे जरा वेळानं लक्षात आलं. हा युडोसिमा. पिकल्या फळात सोंड खुपसून रस पिणारा पतंग. बागायतदार याच्या नावानं बोटं मोडतात. पुढचे पंख हुबेहूब सुकल्या पानाचे, शिरेबिरेसकट. सगळा थाट मागच्या पंखांवर, नारिंगीवर काळी नक्षी. पण बसला की हा गृहस्थ तो थाट झाकून टाकतो. पाठलाग करणारा पक्षी नारिंगी शोधत राहतो आणि हा पान होऊन निवांत. पक्ष्याला फसवायची युक्ती म्हणून मला ती मान्य आहे. मी काही त्याला खाणार नव्हतो.

मग पोटावर पडलो. कोपराखाली नेमका काटा आणि शर्टात मुंग्या, हे ओघानं आलंच. इतक्या जवळून फोटो काढताना जेमतेम एखादा मिलिमीटरच स्पष्ट येतो. डोळा टिपला तर मिशा धूसर, मिशा टिपल्या तर डोळा गेला. जास्त भाग स्पष्ट यावा म्हणून लेन्सचं छिद्र बारीक करावं तर उजेड कमी पडतो. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं तर वारा येतो. वारा नसला तर माझा श्वास पुरतो. श्वास रोखून धरला, तर कॅमेरा आपणहून मागच्या गवताच्या काडीवर फोकस करतो. त्या काडीचे माझ्याकडे अप्रतिम फोटो आहेत.

सोबतचा मित्र झाडाला टेकून, "जरा डावीकडून घे ना," असं सांगत होता. डावीकडे निवडुंग होता.

एवढ्यात पतंग थरथरू लागला. मित्राला वाटलं, बिचारा घाबरला. कसला घाबरतोय! उडण्याआधी छातीतले स्नायू तापवावे लागतात, म्हणून हे पतंग पंख थरथरवतात. म्हणजे ही निघायची तयारी. पण तेवढ्या हालचालीत पुढचा पंख जरासा सरकला आणि खालून नारिंगीची बारीकशी कड दिसली. मी बटण दाबून धरलं ते सोडलंच नाही.

घरी येऊन पाहिलं. वाळकं पान, वाळकं पान, हललेलं वाळकं पान, एक नारिंगी फराटा आणि मग रिकामी फांदी. त्यातल्या त्यात बरं पान निवडून एका जाणकारांना पाठवलं. त्यांचं लगेच उत्तर आलं, "वा, युडोसिमाच! जात मात्र मागच्या पंखांवरच्या काळ्या खुणांवरून ठरते. तेवढा एक फोटो पाठवा."

मी त्यांना फराटा पाठवला आहे.