दोन्ही हात कुबड्यांवर, फ्लास्क कुठे धरू?

परवा नाशिकच्या गंगापूर रोडला माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि 'अपंगत्वावर मात करून पीएच.डी.' असं कोरलेला मोमेंटो. स्टेजला तीन पायऱ्या होत्या. दोघांनी दंडाला धरून वर चढवलं, मग एकानं माईकवरून माझ्या जिद्दीवर भाषण केलं. मला हसू आवरेना.

मी पोलिओवर मात वगैरे केलेली नाही हो. पाय तसाच आहे. झगडावं लागलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबशी. (कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही.) लिफ्ट 'प्रस्तावित' होती. कॉलेजांना दर्जा ठरवून देणाऱ्या नॅकची कमिटी येणार म्हणून आठ दिवसांत दाराशी रॅम्प झाला. एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते, यांनी चार फुटांत उरकलं. कमिटी गेली आणि त्या घसरगुंडीवर कुंड्या आल्या.

पण जिना निदान दिसतो तरी. माझे दोन्ही हात कुबड्यांवर. ऑटोक्लेव्हमधून (वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र) निघालेला मीडियाचा, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या खाद्याचा, गरम फ्लास्क दहा पावलांवरच्या लॅमिनारपर्यंत, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटापर्यंत, न्यायचा कसा? पहिले चार महिने मी लॅबमधल्या मामांची वाट बघत बसायचे. ते चहाला गेलेले असले की मीडियातलं आगर गोठायचं, परत वितळवा. सर म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच सांगतो, कॉम्प्युटरवरचं काहीतरी घे." असलं वाक्य कुठल्या जीआरमध्ये नसतं, त्यामुळे त्याची तक्रारही करता येत नाही.

शेवटी पप्पांनी सातपूरच्या ओळखीच्या वर्कशॉपमधून भंगारातल्या पाइपची ट्रॉली करून आणली. कमरेइतकी उंच, चार चाकं, दोनांना ब्रेक, वर कड असलेला ट्रे. कुबड्या तिलाच अडकवायच्या आणि तिच्याच आधारानं चालायचं. मजुरीसकट अठराशे रुपये.

२०१६ च्या कायद्यात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा आहेत, वयात ५ वर्षांची सवलत आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला आणखी २ वर्षं मिळू शकतात. मला मिळाली. कागद चांगलेच आहेत, त्यांच्या जोरावरच मी आत आले. पण ती दोन वर्षं संशोधनाला कुठे लागली? जिन्यात गेली, वाट बघण्यात गेली, तेच सर्टिफिकेट दर टेबलावर दाखवण्यात गेली. न बसवलेल्या लिफ्टचा खर्च माझ्या वयातून वसूल झाला म्हणायचा.

नोकरीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न, "फील्डवर्क जमेल का?" माझा विषय द्राक्षावरचा डावणी रोग. थिसिस समोर होता, कुणी उघडला नाही. गीरात व्हर्मे हे शंखशिंपल्यांचे मोठे अभ्यासक, लहानपणीच दृष्टी गेलेले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्रवेशाच्या वेळी त्यांच्याबद्दलही शंका होतीच, पण तिथे त्यांच्या हातात शंख देऊन ओळखायला सांगितले. त्यांनी बोटांनी चाचपून ओळखले. पुढे शंखांवरच्या भरून आलेल्या जखमांवरून खेकड्यांचे जुने हल्ले त्यांनी वाचले. माझ्या हातात निदान एक पान तरी द्यायचं!

निफाडच्या बागेत मात्र मालकांनी काही विचारलं नाही. रिकामं कॅरेट उलटं टाकलं, "बसा ताई." खाली बसलं की पान खालून दिसतं, आणि डावणीची पांढरी बुरशी असते पानाच्या खालच्याच बाजूला. माझ्या सोबतचे दोघं उभ्यानं वरचे तेलकट डाग शोधत एकेक पान उलटत होते. यात दिव्य काही नाही, कॅरेटची उंची बरोबर होती एवढंच.

गेल्या महिन्यात जुन्या लॅबला गेले होते. लिफ्ट अजून प्रस्तावित आहे. ट्रॉलीवर आता सगळेच बाटल्या नेतात. तिच्या पाइपवर पांढऱ्या रंगानं कॉलेजच्या मालमत्तेचा डेड स्टॉक नंबर टाकलाय, आणि खाली लिहिलंय : विभागाबाहेर नेऊ नये.