लडाइटांना यंत्राची भीती नव्हती

औद्योगिक इंग्लंडमधल्या कामगारांच्या उठावांवर एखादी नवी ऐतिहासिक कादंबरी येतेय असं कळलं की मी वाट बघत बसतो. आणि दर वेळी त्या बातमीच्या मागोमाग एक ठरावीक मजकूर फिरत येतो. साधारण असा : "लडाइट म्हणजे यंत्राला घाबरलेले अडाणी विणकर. दिसेल ते यंत्र फोडत सुटले. शेवटी कायद्यानं त्यांना सरळ केलं. यंत्रं आली आणि सगळ्यांचंच भलं झालं. असल्यांना कादंबऱ्यांतून हुतात्मे कशाला करायचं?" एआयवरून वाद सुरू झाल्यापासून या मजकुराला भलताच भाव आलाय.

आधी 'यंत्राला घाबरलेले'. मार्च १८११ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या अर्नोल्ड गावात तोडफोड सुरू झाली. फोडली गेली ती मोजे विणायची यंत्रं. हे यंत्र विल्यम ली यानं बनवलं १५८९ साली, शेजारच्याच कॅल्व्हर्टनमध्ये. म्हणजे फुटलं तेव्हा ते दोनशे वीस वर्षांचं जुनं होतं. फोडणाऱ्यांचे बाप, आजे, पणजे त्यावरच जेवले होते, आणि ते स्वतःही दिवसभर त्यावरच बसायचे. बहुतेकांचं यंत्र भाड्याचं असायचं, काम मिळो न मिळो, भाडं चुकत नसे. अशा माणसाला यंत्राची भीती वाटते म्हणणं म्हणजे शिंप्याला सुईची भीती वाटते म्हणण्यासारखं आहे.

भांडण मालाचं आणि मजुरीचं होतं. चांगला मोजा पायाच्या आकारात घरं वाढवत-कमी करत विणला जायचा, त्याच्या कडा बंद असायच्या. काही मालकांनी रुंद यंत्रावर नुसतं सपाट कापड विणून घ्यायला, ते मोज्याच्या आकारात कापायला आणि शिवून विकायला सुरुवात केली. शिवण उसवली की मोजा गेला. गिऱ्हाईक फसायचं आणि नाव बद्दू व्हायचं ते सगळ्या धंद्याचं. वर उमेदवारी करून धंदा न शिकलेली पोरं स्वस्तात कामाला लावली जायची, मजुरी कापली जायची.

म्हणूनच 'दिसेल ते यंत्र' हेही खरं नाही. ठरलेला दर देणाऱ्याची यंत्रं शाबूत राहायची आणि शेजारची फुटायची. काही यंत्रांवर तर चिठ्ठ्या लावल्या जायच्या : इथं पूर्ण विणीचा माल निघतो, पूर्ण दरानं. बेभान जमाव चिठ्ठी वाचायला थांबत नाही.

'अडाणी' या शब्दाचा मला विशेष राग येतो. १ जानेवारी १८१२ या तारखेचं एक जाहीरपत्र आहे, 'नेड लडचं कार्यालय, शेरवूड जंगल' अशा पत्त्यावरून काढलेलं. ज्याच्या नावावरून हे लोक लडाइट झाले, तो नेड लड नावाचा कुणी सेनापती नव्हता आणि कार्यालयही नव्हतं. रॉबिन हूडच्या जंगलाचा पत्ता देण्यातला मिश्कीलपणा नॉटिंगहॅमकरांना वेगळा सांगावा लागला नसेल. पण मजकूर गंमतीचा नाही. दुसऱ्या चार्ल्स राजानं विणकरांच्या मंडळाला दिलेल्या सनदेचा हवाला देऊन, निकृष्ट माल काढणारी यंत्रं मोडायचा आम्हाला हक्क आहे, असं त्यात मांडलंय. हक्क होता की नव्हता यावर वकील भांडोत. मुद्दा एवढाच की या माणसांना आपल्या धंद्याचे कायदेकानू पाठ होते.

आता कायदा. तो आधी कुणी सोडला? १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी मजुरांनी संघटना करणं गुन्हा ठरवलं. यॉर्कशरच्या लोकरधंद्यात कामगारांना संरक्षण देणारे जुने कायदे होते, ते १८०९ मध्ये रद्द झाले. १८१२ मध्ये संसदेनं यंत्र फोडण्याला फाशी लावली. कवी बायरननं उमरावांच्या सभागृहातलं आपलं पहिलं भाषण याच्याच विरोधात केलं. त्याच वर्षी विणकरांचा पुढारी ग्रॅव्हेनर हेन्सन आणि त्याचे सोबती विणकरांसाठी विधेयक घेऊन रीतसर लंडनला गेले. कनिष्ठ सभागृहानं ते मंजूर केलं, उमरावांनी फेटाळलं. अर्ज केला तर नकार, संघटना केली तर तुरुंग. हातोडा उरतो.

'सगळ्यांचं भलं झालं' यावर एकच विचारतो : कधी आणि कुणाचं? १८४५ मध्ये, म्हणजे तीसेक वर्षांनी, सरकारी चौकशीत मोजे विणणाऱ्यांची हलाखीच पुढं आली. नातवंडांना स्वस्त मोजे मिळाले हे आजोबाला कुणी सांगितलं असतं तरी त्याची चूल पेटली नसती.

राहिले हुतात्मे. इथं मी त्या मजकुराच्या थोडा जवळ जातो. यॉर्कशरात लढले ते क्रॉपर, म्हणजे कापडाची लव कातरणारे कारागीर. ४० पौंडांहून जड कातर दिवसभर चालवून त्यांच्या मनगटावर घट्टा पडायचा, त्याला ते खूरच म्हणत. खूर बघून माणूस कुठल्या धंद्यातला ते ओळखू यायचं. यांच्या मुळावर मात्र खरोखर कातरणयंत्रंच आली होती. एप्रिल १८१२ मध्ये रॉफोल्ड्सच्या गिरणीवरचा त्यांचा हल्ला फसला, सॅम्युअल हार्टली आणि जॉन बूथ हे दोघं मेले. २८ एप्रिलला क्रॉसलंड मूरवर विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाला गोळ्या घातल्या. हा खून होता. त्याला दुसरं नाव देणारी कादंबरी मलाही नको.

पण रॉफोल्ड्सवरून स्फुरलेली शार्लट ब्राँटीची 'शर्ली' (१८४९) पाहा. गिरणीवरचा हल्ला आपण बघतो तो रात्रीच्या अंधारात, लांब उभ्या राहिलेल्या दोन नायिकांबरोबर. कामगार म्हणजे आरडाओरडा आणि फुटणाऱ्या काचा. कामगारांच्या बाजूनं लिहायची ही जागा अजून बऱ्यापैकी मोकळी आहे, आणि तिथं हुतात्म्यांपेक्षा अवघड माणसं आहेत. हॉर्सफॉलच्या खुनातला बेंजामिन वॉकर माफीचा साक्षीदार झाला. त्याच्या साक्षीवर जॉर्ज मेलर, थॉमस स्मिथ आणि विल्यम थॉर्प ८ जानेवारी १८१३ ला यॉर्कमध्ये फासावर गेले. आठवड्याभरानं आणखी चौदा जण गेले. वॉकर, मेलर आणि स्मिथ हडर्सफील्डजवळ जॉन वुडच्या कारखान्यात कामाला होते. खुनानंतरचे कित्येक महिने ते तिघं एकाच छपराखाली कापड कातरत होते, एकमेकांचे खूर बघत. मला ते महिने वाचायचेत.