सात मीटरची नळी

आज सकाळी भाच्याने व्हिडिओ कॉलवर भाषण म्हणून दाखवलं. शाळेच्या स्पर्धेसाठी पाठ करतोय. विषय, 'मंगळ : माणसाचं नवं घर'. दहा वर्षांचं पोरगं, पण काय खणखणीत बोलतं! शेवटचं वाक्य असं : 'पृथ्वी राहण्यालायक उरली नाही तरी घाबरू नका, आपलं दुसरं घर तयार होत आहे!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फोन ठेवला आणि तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये.

राग त्याच्यावर नाही. हे वाक्य त्याच्या तोंडी घालणाऱ्या मोठ्या माणसांवर आहे.

घर? जिथे दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की माणूस संपला, ते घर? मंगळावरच्या हवेचा दाब इथल्या एक टक्क्यापेक्षाही कमी. आणि त्या विरळ हवेतही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. म्हणजे जन्मल्यापासून मरेपर्यंत प्रत्येक श्वास मशीनचा. मशीनचा श्वास काय असतो ते मी पाहिलंय.

बाबा शेवटचे चौदा महिने ऑक्सिजनच्या मशीनवर होते, घरीच. रात्रंदिवस ती घरघर. नळी सात मीटरची. पलंगापासून निघाली की पुढच्या दारापर्यंत पोचायची, उंबऱ्याला संपायची. सात मीटर, एवढंच त्यांचं जग. दाराबाहेर त्यांनी स्वतः लावलेलं कडुलिंबाचं झाड होतं, ते खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत राहायचे. एकदा मध्यरात्री लाइट गेली. घरघर थांबली आणि त्या शांततेनेच मला जाग आली. अंधारात सिलिंडरची चावी फिरत नव्हती, माझे हात थरथरत होते, आणि बाबा मला धीर देत होते, 'सावकाश, सावकाश.' ते दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

आता अशी कल्पना करा की अख्खी वस्ती त्या नळीवर आहे. तान्ही बाळंसुद्धा. बिघाड झाला तर? पृथ्वीवरून मंगळाकडे निघायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांतून एकदा येते, वर प्रवासाचे सहा-सात महिने. शेजारून सिलिंडर मागून आणता येणार नाही.

तंत्रज्ञान पुढे गेलंय, असं कोणीतरी म्हणेलच. गेलंय, मान्य. मंगळावर उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी नावाच्या यंत्राने मंगळाच्या हवेतून खरोखर ऑक्सिजन काढला, आणि ते वाचून मला आनंदच झाला होता. पण २०२१ ते २०२३ मध्ये मिळून किती? १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला ८०० ग्रॅमच्या वर लागतो. म्हणजे बाबांचे चार तासही निघाले नसते.

आणि मंगळ राहू दे, इथे पृथ्वीवरच करून पाहिलं होतं की! अमेरिकेत, ॲरिझोनात, 'बायोस्फिअर २'. १९९१ मध्ये आठ माणसं काचेच्या बंद इमारतीत राहायला गेली. आत शेत, छोटं जंगल, समुद्रसुद्धा. दोन वर्षं बाहेरून काही घ्यायचं नाही असं ठरलेलं. सोळा महिन्यांत हवेतला ऑक्सिजन जवळजवळ २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला. मातीतले जीवाणू तो खात होते. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड झाडांनी घेऊन हिशेब जुळायला हवा, तर त्यातला बराचसा इमारतीच्या काँक्रीटनेच शोषला. माणसांना जिने चढताना धाप लागायला लागली, शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. बाहेरून! त्यांना 'बाहेर' होतं म्हणून ती वाचली.

धाप हा शब्द आला की मला बाबांचं जिन्यात थांबणं आठवतं. कठड्याला धरून, जणू खाली काहीतरी बघायचंय असं दाखवत.

हो, एक अब्ज वर्षांनी सूर्य इतका तापेल की इथे राहता येणार नाही. लघुग्रहही आदळू शकतो. ठीक. म्हणून जा, शोधा, यानं पाठवा, मंगळावर माणूसही उतरवा, मी रात्र जागून बघेन. पण त्याला 'स्थलांतर' म्हणू नका. आठ अब्जांतले किती जण जाणार ते आपल्याला सगळ्यांनाच कळतं. 'दुसरं घर आहे' म्हणून या घराला आग लागू द्यायची, आणि ते दहा वर्षांच्या मुलांना पाठ करायला लावायचं, याची मला चीड येते.

असो. टाइप करता करता जरा शांत झाले.

रात्री भाच्याला फोन करणार आहे. भाषण बदल असं म्हणणार नाही. त्याला आजोबा फारसे आठवत नाहीत, म्हणून फक्त एक दुपार सांगणार आहे. बाबा जायच्या आधीच्या आठवड्यातली. छोटा सिलिंडर कडेवर घेऊन मी त्यांना कडुलिंबाखाली नेलं. ते खोडाला टेकले आणि त्यांनी नाकातली नळी हळूच काढून माझ्या हातात दिली. 'एक मिनिट,' म्हणाले. वारा होता. त्यांनी डोळे मिटले. ऑक्सिमीटर माझ्या मुठीत होता, पण मी तो त्यांच्या बोटाला लावला नाही.