मोटार गुणगुणतेय? आधी तिचा इतिहास वाचा

नळाला पाणी आलं, मोटारीचं बटण दाबलं आणि ती नुसतीच ‘हूंऽऽ’ करत बसली, तर घाबरू नका. पहाटेचे पावणेचार वाजलेत, पाणी पाचला जाणार, पुढची पाळी चार दिवसांनी. वेळच वेळ आहे. फोन काढा आणि शोधा. मी रविवारी तेच केलं. (नळाला थेट मोटार लावायची नसते, हे मलाही ठाऊक आहे. आमच्या गल्लीत कोण लावत नाही ते आधी सांगा.)

सर्वात आधी, जाहिरातींना नावं ठेवू नका. ‘मोटार आवाज करते पण फिरत नाही’ असं लिहिल्यावर वरचे चार निकाल नव्या मोटारी विकणारे येतात, ही त्यांना वाटणारी आपली काळजीच आहे. जाहिरातींवर पोसलेलं शोधयंत्र गरजूपेक्षा जाहिरातदाराकडे झुकणार, असं सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी विद्यार्थी असताना, 1998 सालीच लिहून ठेवलं होतं. पुढे त्यांच्याच गूगलचं घर जाहिरातींवर उभं राहिलं. स्वतःचं भाकीत खरं करायला एवढे कष्ट आमच्या चौकातला ज्योतिषीसुद्धा घेत नाही.

मग लेख उघडा. कुकीज स्वीकारा, नोटिफिकेशन नाकारा, ॲपची चौकट बंद करा, ती फुली चुकून जाहिरातीवर दाबली जाते, परत या. ‘आजच्या धावपळीच्या युगात पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.’ बरं. ‘पाण्याची मोटार म्हणजे काय?’ अरे, समोर पडलीय ती! मग फॅरेडे. त्याने 1821 साली विजेच्या जोरावर तार फिरवून दाखवली म्हणे. माझी मोटार फिरत नाहीये त्याचं काय? पुढे ‘आपली मोटार धावत नाही का?’ धावत नाही हो, ती कट्ट्यावर सिमेंटने बसवलीय! हाच परिच्छेद, ह्याच चुकांसकट, आणखी तीन साइटवर. लांबण लावली की जाहिरातींना जागा होते, म्हणून लावायची. तळाशी उत्तर मिळालं : ‘तज्ज्ञांशी संपर्क साधा.’ चार वीस.

‘जवळचा मेकॅनिक’ जरूर शोधा. पुण्यातले निघाले. आमच्या सोलापूरपासून अडीचशे किलोमीटर, म्हणजे जवळच की.

व्हिडिओ बघा, सातव्या मिनिटाला ते मोटारीचं झाकण उघडतात.

एआयचा सारांश मात्र डोळे झाकून मानावा. मे 2024 मध्ये गूगलच्या अशाच सारांशाने पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायला सांगितलं होतं. मूळ आधार कुणाचा तरी 11 वर्षांपूर्वीचा विनोद. मला त्याने मोटारीत पाणी भरायला सांगितलं. पाणी असतं तर मोटार कशाला लावली असती?

शेवटी शेजारचे अण्णा बनियनवर बाहेर आले. जन्म पॉवरलूमवर गेलेला माणूस. “बटण बंद कर की बे आधी. मागं पंख्याकडं शाफ्टला खाच हाय, स्क्रू ड्रायव्हर घाल अन् फिरव.” गंजून जाम झाली होती. दोन वेढे दिले, बटण दाबलं, सुटली. चार पंचावन्न. पाच घागरी भरल्या आणि नळाने फुसकन हवा सोडली.

दोन ओळींचं उत्तर होतं हे. दोन ओळी! अण्णांसारख्या कुणीतरी ते कुठेतरी फुकट लिहूनही ठेवलं असेल, आणि शोधयंत्रवाल्यांनो, तुम्ही ते विसाव्या पानाखाली गाडलंत, कारण त्यावर चार पैसे सुटत नाहीत. लाज नाही वाटत? आणि मराठीत हा कचरा ओतणाऱ्यांनो, तुम्ही कधी मोटारीला हात लावलाय? कधी पहाटे उठून पाणी भरलंय? मग लिहिता कशाला?

असो. धुण्याचं बोचकं घेऊन जुळे सोलापूरला बहिणीकडे निघालोय. उरलेल्या शिव्या आल्यावर.