आठ वर्षांच्या लॅपटॉपला एसएसडी का बसवली आणि बॅटरी का बदलली नाही

नमस्कार सर,

आमच्या दुरुस्तीच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमच्या तीन तक्रारी आहेत. 'नवा घ्या' असं सरळ सांगायचं सोडून आम्ही एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि रॅम टाकून साडेपाच हजारांचं काम काढलं. बॅटरी चाळीस मिनिटं टिकते तरी ती बदलली नाही, म्हणजे काम अर्धवट सोडलं. आणि विंडोज ११ त्यावर चालत नाही म्हटल्यावर सगळा खर्च पाण्यात गेला. असा जुना लॅपटॉप अनेकांच्या घरी आहे, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देतो.

मशीन २०१८ सालचं. आय-फाइव्ह ७२००यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. जुलै २०२५ मध्ये ते आलं तेव्हा जॉब शीटवर तक्रार होती: 'चालू व्हायला फार वेळ लागतो, टॅली आणि क्रोम एकत्र उघडलं की हँग होतं.' टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरवर फारसा ताण नव्हता, डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांवर होती. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये पिवळा 'कॉशन' (धोक्याचा इशारा) येत होता आणि सी५ या ओळीत, म्हणजे 'करंट पेंडिंग सेक्टर'मध्ये, आकडा शून्याच्या वर गेला होता. डिस्कचे काही भाग आता वाचले जात नाहीत, असा त्याचा अर्थ. अशी डिस्क आठवडाभर चालेल की वर्षभर, हे कुणीच सांगू शकत नाही. त्या दिवशी तुम्ही नवा लॅपटॉप घेतला असता तरी आधी डेटा बाहेर काढावाच लागला असता. तो आम्ही क्लोन केला नाही, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवली नाही, कारण खराब सेक्टरवर क्लोनिंग अडकतं आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर आणखी ताण येतो. आधी टॅलीचा डेटा फोल्डर आणि कागदपत्रं कॉपी केली, मग नव्या एसएसडीवर विंडोज स्वच्छ टाकलं.

आता पैशाचं. जुन्या मशीनवर खर्च करताना आम्ही एकच गोष्ट आधी बघतो: हा भाग उद्या नव्या मशीनबरोबर कामाला येईल, की याच मशीनबरोबर भंगारात जाईल? तुमच्या बिलातला सगळ्यात मोठा आकडा ५०० जीबीच्या सॅटा एसएसडीचा आहे. नव्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्कची जागा सहसा नसते, पण हीच एसएसडी साध्या यूएसबी केसिंगमध्ये घातली की बॅकअपची डिस्क होते. तो पैसा तुमच्याकडेच राहिला आहे. रॅमचं तसं नाही. नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक डीडीआर५ असते, तिथे तुमची डीडीआर४ पट्टी बसणार नाही. म्हणूनच १६ जीबीचा आग्रह धरला नाही. मदरबोर्डवरच्या ४ जीबीला रिकाम्या स्लॉटमध्ये ८ जीबीची जोड दिली. १२ जीबीत टॅली, जीएसटी पोर्टल आणि क्रोमचे दहा-बारा टॅब आरामात चालतात.

बॅटरी चाळीस मिनिटं टिकते हे खरं आहे, आणि ते मशीन परत देतानाच सांगितलं होतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' (अर्थात इंग्रजी अक्षरांत) चालवलं की एक फाइल तयार होते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' (नवी असतानाची क्षमता) आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' (आता उरलेली क्षमता) असे दोन आकडे असतात. तुमच्या मशीनचा दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला होता. पण मशीन दिवसभर टेबलावर चार्जर लावूनच वापरता, असं तुम्हीच सांगितलं होतं. त्यात इतक्या जुन्या मॉडेलची कंपनीची ताजी बॅटरी मिळणं अवघड असतं. पडून राहिलेला स्टॉक मिळतो, आणि लिथियम सेल खोक्यात बंद असले तरी म्हातारे होतात. कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेल्या बॅटरीचा भरवसा त्याहून कमी. हा खर्च तुम्हाला कुठेच पुढे नेता आला नसता.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. बॅटरी फुगली असेल तर पैशाचा हिशोब बाजूला ठेवायचा. लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवून बघा. बूड डुगडुगत असेल, टचपॅड वर आला असेल किंवा दाबताना घट्ट लागत असेल, मागच्या झाकणाला फट पडली असेल, तर चार्जर काढा, मशीन बंद करा आणि तसंच दुकानात आणा. घरी स्क्रू उघडू नका, बॅटरी टोचू किंवा दाबू नका. तुमची जुलैमध्ये फुगलेली नव्हती, पण महिन्यातून एकदा बघत जा.

विंडोज ११ बद्दल. इंटेलचे काही मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत. तुमचा सातव्या पिढीचा आहे, आणि रॅम किंवा एसएसडी वाढवून हे बदलत नाही. जॉब शीटवर 'विंडोज १०, सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत' असं लिहिलेलं आहे. विंडोज ११ ची प्रोसेसरची तपासणी चुकवून ते टाकून देणारे बरेच आहेत. तांत्रिकदृष्ट्या ते जमतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि मोठी आवृत्ती आली की पुन्हा तोच खटाटोप. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि गिऱ्हाइकांचे रिटर्न भरले जातात, त्यावर आम्ही ते करत नाही.

तरी मशीन आजच टाकायची गरज नाही. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि ॲडमिन खात्यात मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलेलं हवं. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी', त्यात 'विंडोज अपडेट', तिथे 'एनरोल नाउ' दिसेल. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी सिंक करायला हो म्हटलं की पैसे पडत नाहीत. डिफेंडरच्या व्हायरस यादीचे अपडेट येत राहतात म्हणून नुसतं बसू नका. विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत.

वाढीव अपडेट संपण्याची ही तारीख दसऱ्याच्या आधी येते. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला आहे आणि दिवाळी नोव्हेंबरमध्ये, त्यामुळे दिवाळी सेलची वाट बघू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात, गणपतीच्या सुमाराला, नवा घ्या. फार थांबूनही फायदा नाही: २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जबर चढले आहेत, आणि सेलमध्ये मिळणारी सूट त्यातच खपू शकते. घेताना १६ जीबी रॅम बघा. ८ जीबीचा घेतलात तर निदान एक स्लॉट रिकामा आहे का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या, कारण पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच जोडलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही.

त्याआधी मदरबोर्ड गेला, किंवा हिंज (स्क्रीनची बिजागरी) तुटून बूड आणि डिस्प्ले दोन्हींचा खर्च निघाला, तर दुरुस्ती करू नका. त्या दिवशी एसएसडी काढून घ्या आणि नवा लॅपटॉप घ्या.

वाढीव अपडेटची नोंदणी जमत नसेल तर मशीन चार्जरसह घेऊन या, करून देऊ, पैसे लागणार नाहीत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा फोन बरोबर असू द्या. टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊनच निघा.