वेगळं निघणाऱ्या धाकट्यांसाठी जाहीरनाम्याची कृती

थोरल्या भावाच्या हाताखाली तुम्ही आता कंटाळलात, हे दिसतंच आहे. लागण कधी करायची ते तो ठरवणार, उसाचं बिल त्याच्या खात्यावर पडणार आणि रात्री दोनची लाईट आली की मोटार चालू करायला बॅटरी घेऊन तुम्हीच जाणार. मग निघा की वेगळे! फक्त आमच्या वाळवा तालुक्यात लोक निघतात तसं नको. बांधावर शिव्या, धरलेली कॉलर, मग पोलीस पाटील आणि नातवंडांपर्यंत पुरणारा दावा, हे अडाणीपणाचं झालं. शहाण्या माणसानं आधी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढावा. उत्तम नमुना १७७६ सालचा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. तेरा धाकट्यांनी, म्हणजे वसाहतींनी मिळून एका थोरल्याविरुद्ध, म्हणजे इंग्लंडविरुद्ध लिहिलेला आहे, त्यामुळे फारसा बदल करावा लागत नाही.

तारखेची घाई करू नका. अमेरिकेनं वेगळं व्हायचा ठराव केला २ जुलैला. त्यांचा एक पुढारी जॉन अ‍ॅडम्सनं दुसऱ्याच दिवशी बायकोला लिहून टाकलं की पुढच्या पिढ्या २ जुलैचा सण करतील. कागद मंजूर झाला ४ तारखेला, बहुतेक सह्या पडल्या २ ऑगस्टला, आणि सण होतो ४ जुलैचा. थोडक्यात, भांडण कधी झालं ते कुणी विचारत नाही, कागदावर काय तारीख आहे ते बघतात. तेव्हा अमावास्या टाळा आणि पाचशेचा स्टॅम्प आणून ठेवा. शंभरचा आता चालत नाही. स्वातंत्र्यही महागलंय.

सुरुवात भारदस्त हवी. जगाच्या मताची चाड राखून आम्ही कारणं सांगतो आहोत, असं त्या लोकांनी लिहिलं. आता जगाचं त्यांना काय पडलं होतं? तर लढाईला दारूगोळा लागतो आणि तो फ्रान्सकडे होता. जूनमध्ये जो ठराव मांडला, त्यात स्वातंत्र्य आणि परक्या देशांशी दोस्ती ही दोन्ही कलमं एका दमात होती. फ्रान्सच्या राजाला स्वातंत्र्याचा पुळका आला होता असंही नाही, स्वतःच्या घरी तो तसलं काही खपवून घेणारा नव्हता. त्याला इंग्रजांची जिरवायची होती. १७७८ साली तह झाला. तुमच्यासाठी जग म्हणजे वरच्या अंगाचा विहीरवाला, ज्याचं थोरल्याशी दहा वर्षं बोलणं नाही. पाइपलाइनचं त्याच्याशी पक्कं झाल्याशिवाय मानवी हक्कांचा विषय काढू नये.

मग तक्रारी. त्यांच्या जाहीरनाम्यात सत्तावीस आहेत, तुम्हाला चाळीस सुचतील. पण त्यातली मेख समजून घ्या. कर लादणारे कायदे केले लंडनच्या पार्लमेंटनं, आणि अख्ख्या जाहीरनाम्यात पार्लमेंट हा शब्दच नाही. त्यानं हे केलं, त्यानं ते केलं, सगळं एकट्या राजाच्या, तिसऱ्या जॉर्जच्या माथी! माणूस एकच धरावा. वैनी, मेव्हणा, सोसायटीचा सचिव असे चार जण यादीत आले की वाचणारा म्हणतो, ह्याचं कुणाशीच पटत नाही. उपकारांचा उल्लेख तर चुकूनही नको. फ्रेंचांशी लढून त्या वसाहती राखताना इंग्लंड कर्जात बुडालं होतं, कर वाढले त्यातून. त्याबद्दल जाहीरनाम्यात अवाक्षर नाही. तुमच्या डिप्लोमाची फी थोरल्यानं खोडव्याच्या बिलातून भरली होती, ती अशीच विसरा.

तत्त्वज्ञान दोन ओळींपुरतं पुरे. आधीच्या मसुद्यात ही सत्यं ‘पवित्र आणि निर्विवाद’ होती, पुढं ‘स्वयंसिद्ध’ झाली. स्वयंसिद्ध म्हटलं की पुरावा मागायची सोय राहत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ लॉकच्या यादीत जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता होती. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफरसननं मालमत्तेच्या जागी सुखाचा शोध घातला. तुम्ही सुखाचा शोध काढून परत सातबारा घाला.

मसुदा वकिलाकडे गेला की तो कापणार, वाईट वाटून घेऊ नका. काँग्रेसनं, म्हणजे त्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेनं, जेफरसनच्या मसुद्याचा साधारण चौथा हिस्सा कापला, आणि तो बिचारा बसून बघत होता. शेजारी बसलेल्या फ्रँकलिननं त्याला टोपीवाल्याची गोष्ट सांगितली. जॉन थॉम्प्सन नावाच्या टोपीवाल्यानं दुकानाच्या पाटीवर लांबलचक मजकूर योजला. मित्रांना दाखवत गेला, प्रत्येकानं एकेक शब्द फालतू ठरवला, शेवटी पाटीवर उरलं त्याचं नाव आणि टोपीचं चित्र. आपल्याकडे फ्लेक्सचं याच्या उलट होतं. मजकूर जातो आणि बारा फोटो उरतात.

एक धोका मात्र तुमच्या घराजवळच आहे. जाहीरनामा वाचून दाखवताना एखादा म्हातारा नाना पाटलांचं प्रतिसरकार काढतो. १९४३ ते १९४६ ह्याच कृष्णाकाठी, कुंडलच्या अंगानं, इंग्रज असताना आपलं सरकार चाललं होतं. शेणोलीजवळ गाडी लुटली, धुळ्याचा खजिना आणला, ते सगळ्यांना माहीत असतं. पण म्हातारा ते सांगत नाही. तो सांगतो, गावात बसून जमिनीचे तंटे तोडत होते, हुंड्याशिवाय स्वस्तात लग्नं लावत होते. फिलाडेल्फियाच्या छप्पन्न सह्या आणि मोठमोठी वाक्यं यांची आठवण कुणी काढत नाही. अशा म्हाताऱ्याला चहा देऊन वाटेला लावा. तो बसला तर तुमची वाटणी एका संध्याकाळी मिटवेल आणि स्टॅम्प वाया जाईल.

(वाटणी झाली तरी नाव सुटत नाही, हेही ध्यानात असू द्या. आमचा जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा निघाला आणि पुढची अकरा वर्षं ‘दक्षिण सातारा’ म्हणूनच वावरला. सांगली हे नाव १९६० साली लागलं.)

आता सगळ्यात नाजूक कलम. सर्व माणसं समान जन्माला येतात, हे वाक्य लिहायचं आहेच, त्याशिवाय शोभा नाही. पण लिहिताना खोलीत कोण आहे ते बघा. फिलाडेल्फियात भाड्याच्या खोलीत जेफरसन हे लिहीत होता तेव्हा त्याच्या सेवेला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा गुलाम होता. हा रॉबर्ट जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊ, दोघांचा बाप एक. म्हणजे नात्यानं मेव्हणा! पाणी आण म्हटलं की तो आणत होता. गुलामांच्या व्यापाराचा दोषही जेफरसननं मसुद्यात राजावर ढकलला होता. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया या वसाहतींना तो परिच्छेद रुचला नाही, म्हणून गळाला.

तुमच्या खोलीत कोण आहे? बहीण माहेरपणाला आलीय. तालुक्याला जायला गाडी सांगून ठेवलीय, हक्कसोडपत्र टाईप होऊन आलंय, साडी घेतलीय. २००५ सालापासून कायद्यानं तिचा हिस्सा तुमच्याएवढाच आहे, आणि तेव्हा वडील हयात नसले तरी तो आहे, हे सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलं. हे तिला माहीत नाही असं समजून तुम्ही चालता. चाला. फक्त जाहीरनामा तिच्या हाती लागू देऊ नका. हे कागद भलत्यांच्या हाती पडले की फार वाईट होतं. १८४८ साली अमेरिकेतच सेनेका फॉल्सला काही बायका जमल्या, तोच मजकूर घेतला आणि राजा होता तिथं पुरुष घातला. १९४५ साली व्हिएतनामच्या हो ची मिन्हनं हनोईत समानतेच्या त्याच वाक्यानं सुरुवात केली, थोरल्याच्या जागी फ्रान्स. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेला दारूगोळा पुरवला तोच.

तुम्ही अर्थातच ऐकणार नाही. रात्री अकराला, दोन पेग झाल्यावर, जाहीरनामा फॅमिली ग्रुपवर टाकाल. थोरला निळी टिक दाखवून गप्प बसेल. वैनी हात जोडल्याचं चिन्ह टाकतील. आणि सकाळी आक्काचा मेसेज येईल:

‘वाचलं. छान लिहिलंयस. जिथं जिथं थोरला आहे तिथं दोघं भाऊ कर आणि मला परत पाठव. सही करते.’